लंगड्या चिमणीचा शिक्का

वैशाखातला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहाची वेळ, निघोज्याची चावडी. टेबलावर चांदीचा कंबरपट्टा, वजन त्रेचाळीस तोळे, त्या दिवसाच्या भावानं किंमत पाच हजार एकशे साठ रुपये. हजर माणसं: तलाठी, माझे बबनमामा, मामी, संशोधक पठारे सर, माझे आईवडील आणि मी. खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं यात धरलेली नाहीत, कारण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तसं आम्हा तिघांनाही कुणी बोलावलं नव्हतं, पण आम्ही आत होतो आणि आई खुर्चीवर बसली होती. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच माहेरच्या गावात बसली होती.

ती सहा वर्षं का गेली नव्हती, ते आधी सांगते. माझी आजी, म्हणजे आईची आई, आजारी पडली तेव्हा शेवटचे पंधरा दिवस आई तिच्या उशाशी होती. आजी गेली, तेरावा झाला, आणि मामीनं ट्रंक उघडली तर कंबरपट्टा नव्हता. मामी ट्रंकेकडे बघत बोलली, माणसांकडे नाही. "लेकीबाळी येत्यात, जात्यात. जाताना पिशव्या जड आसत्यात, एवढंच." चोर हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्या नातेवाइकांत तो उच्चारायची पद्धत नाही, तो पानात वाढतात. मामा दारात उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि आईला मामीच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं. तिनं आपली पिशवी उंबऱ्यावर उलटी केली. एक लुगडं, दोन पोलकी, औषधाची बाटली, कंगवा. मग सगळं परत भरलं आणि निघाली. त्यानंतर मामा भाऊबीजेला आले नाहीत आणि आई गेली नाही.

आम्ही संत तुकाराम नगरला दोन खोल्यांत राहत होतो. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. कंपन्यांचे भोंगे व्हायचे, त्यावर कुकर लागायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत ते तपासनीस होते. गिअरचा प्रत्येक दाता भिंगातून बघायचा आणि पसंत पडला तर त्यावर आपला शिक्का ठोकायचा, हे त्यांचं काम. कामावरून आले की त्यांच्या शर्टाला यंत्रावरच्या तेलपाण्याचा वास यायचा, आणि त्यांचे डोळे काही केल्या कंपनीतून बाहेर यायचे नाहीत. भाकरी पानात पडली की ती फिरवून बघायचे. "ही कड जाड झाली." आई म्हणायची, "मग ठोका शिक्का आन् पाठवा परत." ते परत पाठवत नसत, खात असत.

भाऊबीजेच्या दिवशी मात्र आमच्याकडे मासवडी व्हायची. मासवडी हे आईच्या माहेरचं पक्वान्न. बेसनाची उकड ओल्या फडक्यावर थापायची, आत तीळ, खोबरं, खसखस, लसूण यांचं सारण भरायचं, वळकटी करून वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा. हा उद्योग चार बायकांनी मिळून करायचा असतो. आई एकटी करायची, सकाळपासून, कुणाशी न बोलता. एक ताट जास्तीचं वाढून झाकून ठेवायची. संध्याकाळी ते ताट आप्पा खायचे आणि म्हणायचे, सारण सगळीकडे सारखं पडलेलं नाही. आज माझं वय तेव्हाच्या आईएवढं झालंय आणि मला कळतं की हे त्यांचं समजावणं होतं. इतकं वाईट समजावणं मी पुढं फक्त विमा एजंटांकडून ऐकलं.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मामांनी ओढ्याकाठचं रान एका कंपनीला विकलं. खरेदीखत झालं, ताबा द्यायला महिना होता. आता जमीन लाखांनी विकली, पण जमिनीत आपलं काही राहून कंपनीला फुकट जाऊ नये, अशी मामांना काळजी लागली. कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी माणसांच्या अंगावरून जी काळी पट्टी फिरवतो, ती त्यांनी एका ओळखीच्या पहारेकऱ्याकडून मागून आणली. ती उभ्या माणसासाठी बनवलेली. जमीन आडवी. त्यामुळे मामा कंबरेत वाकून, पट्टी मातीला टेकवत, सगळं रान चालले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बांधापासून बांधापर्यंत प्रत्येक ढेकळाच्या पाया पडतोय. पट्टी बोंबलायची, मामा खणायचे. गुटख्याच्या पुड्या, बिअरच्या बाटल्यांची झाकणं, खिळे, जेसीबीचा तुटलेला दात. ही सगळी आधुनिक काळाची संपत्ती बांधावर रचून झाली, आणि चौथ्या दिवशी कंबरपट्टा निघाला.

गावात पठारे सर होते. पतसंस्थेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर ते इतिहास संशोधनाकडे वळले होते. वसुली करताना समोरचा नाही म्हणेल ते ऐकून घ्यायचं नाही, ही सवय त्यांना दोन्हीकडे उपयोगी पडली. त्याआधी त्याच रानात एक अंगठी सापडली होती, आत ९२५ असा आकडा. सरांनी ती शके नऊशे पंचवीसची ठरवली. मामांच्याच खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपनीतली एक मुलगी दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "काका, माझी अंगठी पडलीय, साडेतीनशेची. ९२५ हा चांदीच्या शुद्धतेचा आकडा असतो." सर म्हणाले, इतिहासात असे धक्के बसतात. कंबरपट्टा अडकवायच्या पत्र्यावर, आतल्या बाजूला, एक बारीक शिक्का होता: एक पाखरू आणि शेजारी ग. सरांनी तो बघितला आणि सांगितलं की हा गरुड आहे, गरुड हे राजचिन्ह, आणि ग म्हणजे गरुडच, अशिक्षित शिपायांना कळावं म्हणून लिहिलेला. पट्टा पेशवेकालीन सरदार घराण्यातला. मामांनी त्यांना शाल, नारळ आणि अकराशे रुपये दिले.

हे आम्हाला कळलं ते वर्तमानपत्रातून. आप्पा डब्याला गुंडाळून पुरवणी घरी आणत. त्या दिवशी आईनं डबा सोडला आणि कागदावर मामा दिसले, दोन्ही हातांवर पट्टा घेऊन, जणू काही बाळंतिणीनं त्यांच्याकडे पोर दिलंय. खाली लिहिलं होतं, निघोजे येथे पेशवेकालीन ठेवा. आई मोरीपाशी उभी राहून बघत राहिली. तेलाचा डाग फोटोच्या कडेला होता, पट्ट्यावर नव्हता.

"आईचा हाय," ती म्हणाली.

"कशावरून?" आप्पा.

"डावीकडचं घुंगरू न्हाई. मीच तोडलं होतं ल्हानपणी. मार खाल्लेला."

"फोटोवरून माल पास होत नसतो, मंदा. घुंगरू कुणाचंबी तुटतं."

मला तेव्हा त्यांचा फार राग आला. पण आईनं त्यांच्याकडे नवऱ्याकडे बघतात तसं न बघता तपासनिसाकडे बघावं तसं बघितलं, आणि म्हणाली, "आतल्या बाजूला शिक्का आसंल. खेडच्या गणपत सोनाराचा. चिमणी आन् ग. माझ्या लग्नात पट्ट्याची अडकवायची कडी मोडली व्हती, ती पत्र्यासकट नवी केली आन् त्याच बैठकीला ही जोडवी केली." असं म्हणून तिनं पाय पुढं केला.

पायातली जोडवी काढायची हे आमच्याकडे सोपं काम नाही. नवरा जिवंत असताना ती बोटातून उतरवायची नसतात, आणि नवरा तर समोरच बसला होता. शेवटी आईनं मार्ग काढला: ती पाटावर बसेल, पाय जमिनीला लावणार नाही, आणि बघून झालं की आप्पांनी स्वतः परत घालायचं. मी कपड्यांचा साबण आणला. वीस वर्षांच्या संसारात आप्पांनी आईचे पाय धरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांचं लक्ष सर्वस्वी जोडव्याकडे होतं हे सांगायला नकोच. एक जोडवं निघालं. ते भिंग लावून दिव्याखाली गेले आणि जोडवं फिरवत राहिले.

"घाला की आता," आई पाय वर धरून म्हणाली. "कंबर मोडली माझी."

"चिमणीचा एक पाय नाही," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सोनाराचा ठसा मोडलेला होता. ठशाचं टोक एकदा उडालं की त्याच्यानंतरच्या सगळ्या चिमण्या लंगड्या. त्या पट्ट्यावरची चिमणी लंगडी निघाली तर तो ठसा हाच. दोन सोनारांचे ठसे एकाच जागी मोडत नसतात." मग त्यांना पायाची आठवण झाली.

पेपरात आलं म्हणून तहसील कचेरीनं तलाठ्याला चौकशीला पाठवलं, ते गावाकडून आईच्या कानावर आलं, आणि अशा रीतीनं आम्ही चावडीत पोचलो. आप्पांनी रजा टाकली होती. बाहेर जीपगाड्या भरून पाळीची माणसं चालली होती, आत पंखा गरम वारा वाटत होता. मामा कडक इस्त्रीत आले होते, कारण त्यांची समजूत सत्कार आहे अशी होती. आईला बघून त्यांनी मान अर्धी हलवली. ती नमस्काराची होती की माशी बसली होती, यावर आमच्या घरात पुढे बरीच वर्षं मतभेद राहिले.

तलाठी तरुण होता आणि घाईत होता. त्यानं सांगितलं, "जमिनीत पुरलेली जुनी चीज सापडली, दहा रुपयांच्या वर किंमत असली, की सरकारला कळवायची असते. पेशवेकाळातली असेल तर मी जप्त करून पाठवतो. पावती मिळेल."

"पावती?" मामा म्हणाले. "आन् पट्टा?"

"सरकारजमा. पुढचं पुढं."

"आवो पर माझ्या रानात घावलाय. म्या सोता वाकून काढलाय."

"पेपरात तुम्हीच सांगितलंय, सरदार घराण्याचा. तुम्ही सरदार आहात का?"

खिडकीतली पोरं हसली. पठारे सरांनी घसा साफ केला आणि गरुडाबद्दल बोलायला सुरुवात केली. आप्पा उठून उभे राहिले. ते घरात कधी मोठ्यानं बोलत नसत, तिथंही बोलले नाहीत. "साहेब, माल पेशव्यांचा नाही. बबनरावांच्या आईचा आहे. शिक्का खेडच्या सोनाराचा आहे आणि पाखराला एक पाय नाही. बघून घ्या."

तलाठ्यानं भिंग घेतलं. "एकच पाय दिसतोय," तो म्हणाला.

"घासला आसंल," मामी पहिल्यांदा बोलली. "दाजी, जुन्या वस्तूला आसं व्हतंच. त्यात काय मोठं."

"घासला असता तर ग पण घासला असता, वहिनी. ह्याच ठशाची दुसरी चिमणी आमच्या हिच्या जोडव्यात आहे."

तलाठी म्हणाला, दोन्ही शेजारी टेबलावर पाहिजेत. आईनं पाय वर घेतला. पण बस, मग टमटम, मग उन्हातली चाल, पाय सुजले होते आणि साबण चावडीत मिळत नाही. जोडवं हलेना. आप्पांनी ओढलं, आईनं ओठ मिटले. शेवटी समोरच्या सायकलवाल्याकडून कातर पकड आणली. आई म्हणाली, "तोडा." मामी पटकन म्हणाली, "वन्सं, आपशकुन करू नका, सवाशीण बाई तुमी." आईनं तिच्याकडे बघितलं. "वयनी, सा वर्सं माझ्या नावाचं काय शिल्लक ठेवलंत, तवा जोडव्याचं भ्या घालताय?" पकडीचा आवाज झाला. तुटलेलं जोडवं आप्पांनी रुमालानं पुसून पट्ट्याशेजारी ठेवलं.

तलाठी खाली वाकला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यानं पठारे सरांना भिंग दिलं, आणि सरांनी इतका वेळ घेतला की तेवढ्यात एखादं कर्ज वसूल झालं असतं. "दोन्ही गरुड एकाच घराण्यातले दिसतात," ते म्हणाले.

"दोन्ही चिमण्या लंगड्या आहेत," तलाठी म्हणाला. "बबनराव, आता तुम्ही सांगा. पेशव्यांचा असेल तर मी नेतो. तुमच्या मातोश्रींचा असेल तर तुम्ही न्या. पण मातोश्रींचा म्हणाल, तर तो जमिनीत कसा गेला ते सांगावं लागेल. कुणी चोरून पुरला होता का?"

माझ्या मामांना मी आयुष्यात पुष्कळ हिशेब करताना पाहिलं. भाडेकरूंच्या विजेचा, कंपनीच्या भंगाराचा, मतांचा. पण त्या दिवसासारखा अवघड हिशेब त्यांच्यापुढे पुन्हा आला नसावा. एका बाजूला त्रेचाळीस तोळे चांदी. दुसऱ्या बाजूला एक शब्द. तो शब्द सहा वर्षं घरात गोठ्यातल्या जनावरासारखा बांधून ठेवलेला, रोज थोडी वैरण घालून जगवलेला. चोरी झाली म्हणावं तर पुढची चौकशी आणि पट्टा अडकणार. झाली नाही म्हणावं तर बहिणीसमोर, गावासमोर, खिडकीतल्या पोरांसमोर म्हणावं लागणार. ते मामीकडे बघत होते. मामी पट्ट्याकडे बघत होती. मला वाटतं, मामीनं मान हलवली नसती तर मामांनी पट्टा पेशव्यांना देऊन टाकला असता. मामीनं मान हलवली.

"न्हाई," मामा म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. काय नाही?"

"न्हाई चोरला. कुनीच न्हाई चोरला."

मग उरलेलं हळूहळू बाहेर आलं. आजी दागिने गोठ्यात गव्हाणीखाली लपवायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ट्रंकेवर तिचा विश्वास नव्हता, कारण ट्रंकेची किल्ली मामीकडे होती. आजी गेल्यावर आठवड्याभरातच मामांनी गोठा पाडला. तिथं कंपनीच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या आणि ठेकेदार थांबायला तयार नव्हता. गव्हाणीखाली बघायचं त्या घाईत कुणाला सुचलं नाही. जेसीबीनं गव्हाण उचलली, आणि राडारोडा ओढ्याकाठच्या खोलगट रानात टाकला. पट्टा मामांनी स्वतः भाडं देऊन, तासाच्या दरानं, रानात नेऊन टाकला होता. तेराव्याला ट्रंक उघडली तेव्हा तो रानातच पडला होता.

"मला काय म्हाईत, म्हातारीनं तितं ठेवला आसंल," मामी म्हणाली. तलाठ्यानं तेही लिहून घेतलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल की इथं मामा उठले, बहिणीजवळ गेले वगैरे. ते उठले, पण पट्टा उचलायला. त्यांनी तो रुमालात बांधला, तलाठ्यानं सांगितलं तिथं सही केली, आणि वाटेत थांबून आईला म्हणाले, "मंदे, जेवून जा. मासवडी केलीया." खरं तर सत्कारासाठी केली होती.

आई उठली नव्हती. एक पाय तिनं अजून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवला होता, रिकाम्या बोटाचा. "जेवंन," ती म्हणाली. "पर आधी जोडवी. ही माहेरनं केलती, माहेरच्या कामात तुटली. एक तुटलं की जोडी गेली. नवी जोडी घालून दे, मग पाय जमिनीला लावते."

"आगं, आत्ता?"

"मग कवा, दादा? आजून सा वर्सांनी?"

पठारे सर याच सुमारास दिसेनासे झाले. त्यांची शाल मात्र खुर्चीवर राहिली. ती पुढे चावडीच्या टेबलावर अंथरलेली मी पाहिली आहे.

मामांनी जीप काढली. आईनं जमिनीला पाय न लावता गाडीत बसायचं कसं, हा प्रश्न आला, तेव्हा आप्पांनी आपला पंचा खुर्चीपासून जीपपर्यंत पुन्हा पुन्हा पुढे अंथरला. लोक बघत होते. आई त्यावरून चालत गेली, आणि मी तिला इतकं सावकाश चालताना आधी कधी बघितलं नव्हतं. चाकणच्या बाजारात एक सराफ उघडा होता. गणपत सोनार कधीच गेला होता आणि त्याचा मुलगा खेडला मोबाइलची कार्डं विकत होता, त्यामुळे चिमणी मिळणार नव्हती. नव्या जोडव्याच्या आत नुसती दुकानाची दोन अक्षरं होती, सरळ, सुबक, सगळी एकसारखी. आप्पांनी ती भिंगातून बघून पसंत केली, पण त्यांना त्यात गोडी वाटली नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्या रानावर आज पत्र्याची भली मोठी कंपनी उभी आहे. माझा धाकटा दीर तिथं नोकरीला असल्यामुळे एकदा आत जायचा प्रसंग आला. फाटकावरच्या बाईनं माझ्या अंगावरून तसलीच काळी पट्टी फिरवली, आणि ती पायापाशी ओरडली. "मॅडम, पायात काय आहे?" मी म्हटलं, चांदी आहे, माझीच आहे. तिनं लगेच मान्य केलं. इतक्या सहज आमच्याकडे कुणी मान्य करत नाही.

त्या दिवशी दुकानात सराफानं जोडीचे मजुरीसकट तीनशे दहा सांगितले. मामा म्हणाले, "जुन्याची मोड घ्या की. चांदीच हाय." आणि त्यांनी आईपुढे हात पसरला. आईनं तुटलेलं जोडवं आणि सराफानं साबण लावून उतरवलेला त्याचा जोडीदार, दोन्ही पदराच्या टोकाला बांधली होती. गाठ तिनं आणखी एकदा आवळली. "मोड न्हाई द्यायची. पुरी रक्कम दे." मामांनी सराफाकडे बघितलं, सराफानं दहा रुपये सोडले. जोडवी घातल्यावर आई दुकानाच्या फरशीवर उतरली आणि दोन्ही पाय एकेकदा आपटून बघितले.

पाच हजार एकशे साठ रुपयांचा पट्टा मामांच्या घरी गेला. पुढे तो त्यांच्या सुनेच्या कंबरेला लागला, तुटलेल्या घुंगरासकट. मासवडी आम्ही त्या दिवशी खाल्ली, आणि सारण सगळीकडे सारखं होतं असं आप्पांनी कबूल केलं. सहा वर्षांच्या पोटी मामांनी सरतेशेवटी मोजले ते तीनशे रुपये, सराफाच्या हातात.